भागीरथीचा पंखा

चार मराठी माणसं आणि एक सेकंडहँड गाडी एवढं भांडवल असलं की किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही. घरात रिकाम्या बाटल्या साठतात तसे ते आपोआप साठत जातात. फेकवत नाहीत, आणि पाहुणा आला की हटकून पुढ्यात येतात. लेलेच्या घरी रविवारी जमलो की आमचं तेच होतं. कॉफी येते, केक येतो, आणि कुणीतरी म्हणतं, "भागीरथीचं ते काय झालं होतं रे?" लेलेची दोन्ही पोरं इथलीच. मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये. "शोन वीडर?" म्हणतात, म्हणजे 'पुन्हा तेच?', आणि खोलीतून उठून जातात. जाईनात का. ज्यांना ऐकायचंय त्यांनी ऐकावं.

तर भागीरथी म्हणजे लेलेची गाडी. कुठल्या कंपनीची ते मी सांगणार नाही. तिच्यातून सदासर्वकाळ पाणी वाहायचं म्हणून नाव भागीरथी.

आणि आम्ही चौघं. वसंता लेले झिंडेलफिंगेनला मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून नवा लागलेला. कामत श्टुटगार्टला डॉक्टरेट करत होता, विषय उष्णता. भाऊ शिंदे कोल्हापूरचा, अंगानं पैलवान, एका फाउंड्रीत नोकरीला, आणि आमच्यात गाडी नीट चालवता येणारा एकटाच. चौथा मी. मी विशेष काही करत नसे, शेरे मारत असे. पन्नासचं दशक संपत आलं होतं, आम्ही सगळे झिंडेलफिंगेनलाच फ्राऊ हेबेर्ले या घरमालकिणीकडे वरच्या मजल्यावर राहत होतो, आणि जर्मनीत आपलं बस्तान बसलंय असं आमचं आमच्यापुरतं मत होतं.

एक सांगून ठेवतो. भाऊ आणि कामत हे किस्से सांगताना तिखटमीठ लावतात. मी लावत नाही.

* * *

सगळ्याचं मूळ एका लाडवात आहे.

लेले रजा काढून लग्नाला जळगावला गेला. मुलगी सुमती, वडील वकील. पंगत बसली होती, आग्रह चालला होता, आणि वकीलसाहेबांच्या कुणी मामांनी विचारलं, "जावईबापू, तिकडे जर्मनीत जाण्यायेण्याची सोय काय?" लेलेच्या तोंडात लाडू होता. खरं उत्तर होतं सायकल. पण समोर सगळं सासर बसलेलं, पलीकडच्या पंगतीत सुमती. उचलली जीभ लावली टाळ्याला. लेले म्हणाला, "आपली स्वतःची गाडी आहे."

सासरे वकीलच. लगेच उलटतपासणी नाही, पण मुद्दा बरोबर धरला. "मग प्रश्नच मिटला. पोर ऑगस्टमध्ये बोटीनं एकटीच येईल. जिनोआच्या बंदरावर तुम्ही गाडी घेऊनच या."

लेलेनं मान हलवली. दुसरा लाडूही खाल्ला.

परत आला तो उतरलेल्या चेहऱ्यानं. आम्हाला वाटलं, बायकोचा विरह. एक दिवस जेवताना स्वतःच म्हणाला, "अरे, लग्नाच्या गडबडीत तिच्याशी जेमतेम दहा वाक्यं बोललो असेन. पण ते गाडीचं वाक्य तिनं नक्की ऐकलंय, आणि तेच नेमकं खोटं आहे." मग ताटाकडे बघत म्हणाला, "ती यायच्या आत ते खरं व्हायला पाहिजे."

हसायला आलं होतं, पण त्याचं तोंड बघून कुणी हसलं नाही. आम्ही चौघांनी मिळून गाडी घेतली. विकणारे हेर क्लेंक जुन्या गाड्या मोडीत काढायचे, त्यातली ही वाचलेली. त्यांनी बॉनेट थोपटलं आणि म्हणाले, "उत्तम गाडी आहे." मग जरा थांबून म्हणाले, "हिवाळ्यात."

शेवटच्या शब्दाकडे आमच्यापैकी कुणाचंही लक्ष गेलं नाही. मे महिना चालू होता.

* * *

श्टुटगार्ट हे गाव परातीत वसवल्यासारखं आहे. कुठूनही बाहेर पडायचं म्हणजे चढ. त्यातला वाइनश्टाइगे नावाचा रस्ता वळणं घेत डोंगरावर चढतो, बाजूनं ट्रामही चढते. जिनोआच्या वाटेवर आल्प्स, आणि आल्प्स चढायचा तर आधी हा चढू, असं ठरवून पहिल्या रविवारी आम्ही निघालो.

दुसऱ्या वळणावर बॉनेटखालून वाफ आली. तिसऱ्या वळणावर समोरचं काही दिसेना. भाऊनं गाडी कडेला घेतली. ट्राम शेजारून गेली तेव्हा सगळे प्रवासी खिडकीशी आले होते, एकानं टोपीही काढली.

कामत खाली उतरला. तीन वर्षं तो इन्स्टिट्यूटमध्ये उष्णतेवर काम करत होता, पण उष्णता त्याला प्रत्यक्ष भेटायची ही पहिलीच वेळ. त्यानं चष्म्यावरची वाफ पुसली, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "तत्त्वतः ही गाडी उकळू शकत नाही."

"तुझ्या तत्त्वाला सांग," भाऊ म्हणाला, "मागून ढकल म्हणावं."

त्यानंतर दर रविवारी चढ, दर रविवारी वाफ, दर रविवारी कुणाच्या तरी दारात जाऊन पाणी मागायचं. तिसऱ्या वळणावर एका म्हातारीचं घर होतं, पुढे छोटी बाग. पहिल्या वेळी तिनं आम्हाला झाडांना पाणी घालायची पत्र्याची झारी भरून दिली. दुसऱ्या वेळीही दिली. मग ती झारी भरूनच गेटाशी ठेवायला लागली. एका रविवारी भाऊला उठायला उशीर झाला आणि आम्ही दुपारी पोचलो. म्हातारी गेटाशी उभी. "आज किती उशीर," ती म्हणाली, "मी जेवायची थांबले होते."

* * *

लेलेचा धीर सुटत चालला. शेवटी त्यानं कारखान्यात आपल्या माइस्टरला विचारलं, "गरम देशात पाठवायच्या गाड्यांना तुम्ही वेगळं काय करता?"

माइस्टर म्हणजे त्या शॉपचा प्रमुख. तो म्हणाला, "मोठा पंखा. जास्त पाती. आणि पंख्याभोवती पत्र्याचं कडं, म्हणजे हवा इकडेतिकडे न जाता सगळी रेडिएटरमधून ओढली जाते. पण तू तर इथं राहतोस. कुठल्या गरम देशात चाललास?"

"कुठंच नाही. बायकोला आणायचीय."

माइस्टरनं बराच विचार केला. "माझी ट्रामनं आली होती," तो म्हणाला.

तर पंखा. भागीरथीला होता चार पात्यांचा, हाताच्या पंज्याएवढी पाती. भाऊ हेर क्लेंककडे गेला आणि मोडीतल्या एका डिलिव्हरी व्हॅनचा सहा पात्यांचा दणदणीत पंखा घेऊन आला. टोकं जरा मोठी होती ती कापली, घासली, तोल साधला. शनिवारी दुपारी फ्राऊ हेबेर्लेच्या अंगणात तो बसवला.

भाऊनं इंजिन चालू केलं. आम्ही तिघं गाडीसमोर उभे राहिलो आणि काय सांगू, असं वारं आलं तोंडावर! कामतचे केस उडाले. लेलेच्या शर्टात हवा भरली. तो इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला. "याला म्हणतात पंखा," तो म्हणाला. आम्ही लहानपणापासून पंख्याखाली आणि पंख्यापुढे वाढलेली माणसं. पंख्याचं वारं आपल्या अंगावर यायचं, हे आमच्या दृष्टीनं पंख्याचं लक्षणच. कोपऱ्यातली खुर्ची आणून मी गाडीपुढे बसलोसुद्धा.

आता, त्या आठवड्यात फ्राऊ हेबेर्लेची केरवोखं होती. इकडे प्रत्येक घराला आठवडा वाटून दिलेला असतो, त्या आठवड्यात जिना, अंगण, फुटपाथ झाडायची जबाबदारी तुमची, आणि बाई ती धर्मासारखी पाळायची. सगळा केर तिनं अंगणाच्या टोकाला, पायऱ्यांपाशी, व्यवस्थित ढीग करून ठेवला होता. सुपली आणायला आत गेली होती. भाऊनं जरा ॲक्सिलरेटर दाबला.

बाई बाहेर आली तेव्हा ढीग नव्हता. ढीग धुतलेल्या पायऱ्यांवर होता, दारावर होता, दोरीवर वाळत घातलेल्या चादरींवर होता. ती ओरडली नाही. गाडीजवळ आली, रेडिएटरसमोर हात धरून बघितला.

"हेर लेले," ती म्हणाली, "तुमची गाडी फुंकर मारते."

आमच्या डोक्यात उजेड पडायला मग वेळ लागला नाही. त्या व्हॅनचं इंजिन मागच्या बाजूला होतं, तिचा पंखा हवा बाहेर फेकायला केलेला. भागीरथीचा पंखा हवा आत ओढायचा हवा. म्हणजे गाडी पुढे निघाली की समोरचं वारं आत यायला बघणार आणि पंखा त्याला हाकलून देणार. कामत म्हणाला, "तत्त्वतः हे मला आधीच..." पण लेलेनं त्याच्याकडे असं बघितलं की वाक्य तिथंच राहिलं. त्या शनिवारी अंगण आम्ही चौघांनी झाडलं.

* * *

याच पंख्याचा अजून एक किस्सा आहे. भाऊ तो नाकारतो, पण मी गाडीत होतो.

भाऊचं म्हणणं, पंखा काढायचा खटाटोप कशाला? पंखा उलटा आहे ना, मग गाडी उलटी न्या. रिव्हर्समध्ये वारंही मागून येणार आणि पंखाही ते पुढेच फेकणार. भांडण मिटलं. कामत त्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसला आणि म्हणाला, "तत्त्वतः बरोबर आहे." इथंच आम्ही सावध व्हायला हवं होतं.

रविवारी सकाळी रस्ता रिकामा बघून भाऊनं वाइनश्टाइगेवर भागीरथी वळवून उभी केली आणि रिव्हर्स टाकला. मान मागे वळवून, एक हात सीटवर टाकून, पहिलं वळण त्यानं झकास घेतलं. दुसऱ्या वळणावर पोलीस उभा होता.

"कुठं चाललात?"

"वर," भाऊ म्हणाला.

"मग तोंड खाली का?"

भाऊची जर्मन फाउंड्रीतली. नेमकी, पण थोडी. तो म्हणाला, "गाडीला समोरचं वारं सोसत नाही."

पोलिसानं गाडीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. हे कुठल्या कलमात बसतं ते त्याला सापडेना. शेवटी म्हणाला, "मग तिला घरी ठेवा. माझी आई पण अशीच आहे."

* * *

योग्य पंखा मिळाला, सहा पात्यांचा, हवा आत ओढणारा. पत्र्याचं कडं मात्र जमेना. दोनदा केलं, दोन्ही वेळा पाती घासली आणि देवळातल्या घंटेसारखा आवाज आला, म्हणून काढून टाकलं. जुलै लागला. आता हा पंखा उन्हात टिकतो का ते बघायचं, तर ऊन कुठाय? दोन आठवडे नुसता पाऊस. लोक छत्र्या घेऊन फिरतायत आणि आम्ही आभाळाकडे बघून हळहळतोय.

कामत म्हणाला, "उष्णता म्हणजे ऊनच असं नाही. हवा कमी करा, तोच परिणाम." त्यानं आईनं दिलेली गोधडी आणली आणि अर्ध्या रेडिएटरवर बांधली. इंजिन चालू ठेवून आम्ही तापमानाच्या काट्याकडे बघत बसलो. चौघं माणसं पावसात, गाडीच्या नाकाला गोधडी गुंडाळलेली.

फ्राऊ हेबेर्ले खिडकीतून बघत होती. केराच्या प्रकरणानंतर ती आमच्याशी मोजकंच बोलायची. थोड्या वेळानं खाली आली. "हिला थंडी वाजतेय का?"

लेले गडबडला. "हो, म्हणजे... तसं... थोडीशी."

बाई आत गेली आणि स्वतःचं जाड लोकरी ब्लँकेट घेऊन आली. "एवढ्याशा पांघरुणानं काय होणार," म्हणाली, आणि उरलेला अर्धा रेडिएटर स्वतःच्या हातानं नीट झाकून, कडा खोचून, आत गेली.

भागीरथी पुढच्या पाच मिनिटांत उकळली. ब्लँकेट आम्ही परत केलं तेव्हा ते इस्त्री केल्यासारखं झालं होतं.

* * *

बोट मुंबईहून सुटली तरी गाडी तिसऱ्या वळणापलीकडे जाईना. नवा पंखा बरा होता, पण त्या वळणाच्या चढाला काटा लाल पट्टीत जायचाच. लेलेनं जेवण कमी केलं. एकदा म्हणाला, "रेल्वेनं जातो. गाडी विकली म्हणून सांगतो." मग स्वतःच मान हलवली. "म्हणजे दुसरं खोटं."

अशा वेळी कामतनं तीन वर्षांच्या डॉक्टरेटमधली पहिली उपयोगाची गोष्ट सांगितली. मी हे कबूल करतो, कारण तो नेहमी करायला लावतो. तो म्हणाला, "हीटर लावा."

आम्हाला वाटलं, पोरगं गेलं हातचं.

"ऐका तर. गाडीतला हीटर चालतो कशावर? इंजिनच्याच गरम पाण्यावर. म्हणजे तो एक छोटा रेडिएटर आहे, त्यालाही छोटा पंखा आहे. फक्त त्याचं वारं बाहेर न जाता आत येतं. हीटर पूर्ण सोडा, इंजिनची तेवढी उष्णता आपण घेऊ."

तेव्हा नेमका पाऊस थांबून कडक ऊन पडलं होतं. ऐन जुलैत, भर दुपारी, खिडक्या उघड्या, हीटर पूर्ण सोडलेला, चौघं बनियनवर, अशी भागीरथी वाइनश्टाइगे चढली. आत भट्टी. लेलेच्या कपाळावरून घाम थेट गिअरवर. पण काटा! काटा लाल पट्टीपर्यंत गेला, थांबला, आणि हळूच मागे आला.

तिसऱ्या वळणावर म्हातारी झारी घेऊन उभी होती. भाऊनं शिष्टाचार म्हणून गाडी थांबवली. म्हातारीनं बॉनेटकडे बघितलं. वाफ नाही. तिचा चेहराच पडला. "आज पाणी नको?"

"हवंय की," भाऊ म्हणाला. खाली उतरला, झारी घेतली आणि सगळी आपल्या डोक्यावर ओतली.

* * *

निघायच्या दिवशी भाऊ अडून बसला. नव्या पंख्यापुढे नारळ फोडल्याशिवाय तो स्टिअरिंगला हात लावणार नव्हता. झिंडेलफिंगेनात नारळ कुठून आणायचा? त्या भागात पिकतो कोबी, टोकदार, नारळाच्याच आकाराचा. भाऊनं त्यातल्या त्यात घट्ट बघून आणला. मागच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, हात जोडले, आणि कोबी पायरीवर आपटला.

कोबी उडी मारून परत आला. भाऊनं पुन्हा आपटला. पैलवान माणूस, तिसऱ्या वेळी असा हाणला की पानं सगळ्या अंगणात.

फ्राऊ हेबेर्ले केरसुणी घेऊनच बाहेर आली. "हे काय चाललंय?"

लेलेनं सांगितलं, लांबच्या प्रवासाला निघताना आमच्यात असं करतात, प्रवास सुखाचा व्हावा म्हणून.

बाईनं ते शांतपणे ऐकून घेतलं. पान उचललं, झटकलं, ॲप्रनच्या खिशात टाकलं. "छान," म्हणाली. "आमच्यात तेल बघतात."

आम्ही तेल बघितलं. नव्हतं.

* * *

जिनोआला लेले, भाऊ आणि मी असे तिघं गेलो. कामतला ठेवला, कारण परत येताना जागा लागणार होती आणि तत्त्वं ऐकायची कुणाची तयारी नव्हती. जाताना घाट रात्रीच्या गारव्यात चढलो, म्हणून निभावलं. बंदरावर लेलेनं आम्हाला बाजूला घेतलं.

"हे बघा, बनियनवर बसायचं नाही. टाय सोडायचा नाही. आणि हीटर का लावलाय ते तिला कळता कामा नये. 'आपली स्वतःची गाडी आहे' हे माझं तिच्या घरी बोललेलं पहिलं वाक्य. निदान घरापर्यंत टिकू दे."

ऑगस्टमधलं जिनोआ म्हणजे जळगावच. माणसं सावल्या धरून चालत होती. बोट लागली, लोक उतरले, आणि शेवटी सुमतीवहिनी आल्या. नऊवारी नाही, पाचवारीच, पण तिच्यावर स्वेटर, स्वेटरवर ओव्हरकोट, गळ्यात मफलर, हातात लोकरी मोजे. वकीलसाहेबांनी कुठंतरी वाचलं होतं की युरोपात बर्फ असतं. मुलीला त्यांनी बजावलं होतं, बोटीवरून पाय खाली ठेवायच्या आधी सगळं अंगावर चढव.

लेलेनं गाडीचं दार उघडलं. वहिनींनी गाडीकडे नीट बघितलं, चाकापासून टपापर्यंत. मग त्याच्याकडे बघून जराशा हसल्या. बास, तेवढ्यासाठी आम्ही तीन महिने वाफ खाल्ली होती. लेलेचे डोळे भरून आले होते, त्यानं ते घामावर खपवलं.

घाट सुरू झाला. काटा चढला. भाऊनं शेजारी बसलेल्या लेलेकडे बघितलं. लेलेनं हात पुढे करून हीटर पूर्ण सोडला आणि मागे वळून म्हणाला, "तुला गारठा बाधू नये म्हणून गाडी गरम ठेवलीय."

"बरं," वहिनी म्हणाल्या.

खिडक्या उघडायची सोय राहिली नाही, गारठा ना! वहिनी कोटात. दोन भाऊजी आणि नवरा यांच्यादेखत नव्या नवरीनं कोट काढायचा कसा? आणि नव्या वहिनींसमोर आम्ही टाय सोडायचा कसा? चौघंही भिडेखातर शिजत होतो. भाऊच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम ठिबकत होता आणि तो जर्मनीतल्या थंडीबद्दल बोलत होता.

वहिनींनी डबा काढला. आईनं लेकीच्या संसाराचे पहिले म्हणून बेसनाचे लाडू दिले होते, बोटीवर जपून आणलेले. झाकण उघडलं तर लाडू नव्हते. पिठलं होतं. आम्ही ते बोटांनी चाटून खाल्लं आणि लाडू फार छान झालेत असं सगळ्यांनी सांगितलं.

घाटमाथ्यावर धुकं होतं, पाऊस होता, कडाक्याची थंडी होती. वहिनींनी खिडकीच्या काचेला बोट लावलं आणि पटकन मागे घेतलं. मग पहिल्यांदाच आपण होऊन बोलल्या, "आत छान ऊब आहे हो."

लेलेचे कान लाल झाले, आणि ते हीटरनं नव्हते. भागीरथी झिंडेलफिंगेनपर्यंत एकदाही उकळली नाही. फ्राऊ हेबेर्ले पायरीवर उभी होती. तिनं वहिनींचा कोट, मफलर, मोजे बघितले, ऑगस्टचं ऊन बघितलं, आणि आत जाऊन ते लोकरी ब्लँकेट घेऊन आली.

* * *

लेले त्या गाडीच्या मागे लागला तो लागलाच. वहिनी आल्यावर त्याच्या अंगात नवं बळ आलं. हिवाळाभर दर शनिवारी तो पंख्याशी. माइस्टरनं त्याला पत्र्याचं कडं वळवायला शिकवलं, रेडिएटर आतून साफ केला, पाती पुन्हा बसवली. पुढचा उन्हाळा आला तेव्हा भागीरथी दुसरीच गाडी झाली होती.

जुलैमधला एक रविवार. ऊन असं की डांबर मऊ झालेलं. लेले म्हणाला, "चला सगळे, आज वाइनश्टाइगे." आता तो स्वतः चालवायचा. शेजारी वहिनी, मागे भाऊ, कामत आणि मी, आणि आम्ही तिघंही टाय लावून, कारण वहिनी असल्या की टाय लावायचा ही सवयच पडली होती. हीटर बंद. खिडक्या उघड्या, छान वारं. पहिलं वळण झालं, काटा मध्यावर. कामत काही बोलणार होता, भाऊनं त्याच्या मांडीवर हात ठेवला. दुसरं वळण झालं, काटा मध्यावरच. लेले शीळ घालायला लागला.

वहिनी गप्प होत्या.

लेलेच्या ते जरा उशिरा लक्षात आलं. "काय झालं? आवडलं नाही?"

"काही नाही."

"सांग ना."

वहिनींनी पदर खांद्यावरून ओढून घेतला. नजर समोर, डॅशबोर्डावरच्या काट्यावर.

"नाही, म्हटलं," त्या म्हणाल्या, "आताशा तुम्ही पूर्वीसारखी काळजी घेत नाही."

लेलेनं एकदा बायकोकडे बघितलं, एकदा रस्त्याकडे. मग एकेक करून खिडक्या वर करायला सांगितल्या, हात पुढे केला आणि हीटर पूर्ण सोडला.

मागून भाऊचा आवाज आला.

"लेल्या, म्हातारीच्या गेटापाशी थांब."